शब्दावर चालतं ते आणि कागदावर चालतं ते

१

सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा भरवायची तर उपविधींनुसार सभासदांना पुरे चौदा दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. सूचनेसोबत विषयपत्रिका हवी, सभेला गणपूर्ती हवी, ठरावाला सूचक आणि अनुमोदक हवेत, आणि झालेलं सगळं इतिवृत्तात उतरायला हवं. एवढा जामानिमा असूनही इमारतीला रंग कोणता द्यायचा, टँकर कोणाकडून मागवायचा, दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी जिन्यापाशीच का लागते, हे ठरतं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, लिफ्टसमोर, नाहीतर गणपतीच्या मांडवात खुर्च्या लावताना. सभेत हात वर होतात ते आधीच ठरलेल्या गोष्टीवर. सगळं सुरळीत असेतोवर याची कोणाला फिकीर नसते. पण गळतीच्या खर्चावरून वरचा आणि खालचा भिडले, प्रकरण उपनिबंधकांकडे गेलं, की ‘ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले होते’ या पुराव्याला काडीची किंमत राहत नाही. मग सचिव कपाटातून इतिवृत्ताचं रजिस्टर काढतात, आणि त्यात तो ठरावच नाही असं निघतं.

रोजच्या जगण्यात असे दोन कारभार शेजारी शेजारी चालू असतात. एकीकडे नेमणूकपत्र, दुसरीकडे ‘उद्यापासून ये कामाला’. एकीकडे बँकेचं कर्ज, दुसरीकडे मेहुण्याकडून आणलेले हातउसने. सातबाऱ्यावर चार भावांची नावं सामाईक, आणि बांधावर मात्र कुठला तुकडा कोणी कसायचा हे वडिलांच्या हयातीतच तोंडी ठरलेलं. समाजशास्त्रात पहिल्या प्रकाराला औपचारिक रचना म्हणतात आणि दुसऱ्याला अनौपचारिक. या पुस्तकातले लेख या दोहोंमधल्या फरकाबद्दल आहेत, आणि त्याहून जास्त त्यांच्यात सतत चाललेल्या देवाणघेवाणीबद्दल.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मतं ऐकू येतात. पहिलं शहाण्यासुरत्या प्रशासकाचं: लेखी कारभार म्हणजे शिस्त, तोंडी कारभार म्हणजे अनागोंदी, तेव्हा सगळं लवकरात लवकर नोंदवून घ्या. दुसरं जुन्या दिवसांच्या आठवणीत रमणाऱ्यांचं: पूर्वी शब्दाला किंमत होती, माणुसकी होती, कागदाने सगळी वाट लावली. दोन्ही मतांमागे एकच समजूत आहे. नियम कागदावर असतात आणि कागद नसेल तिथे नियम नसतात, ही ती समजूत.

ती खोटी आहे हे कुठल्याही लग्नघरात कळतं. कोणी किती आहेर केला याची वही घरोघरी जपून ठेवलेली असते. समोरच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून पाहायची आणि तेवढाच किंवा थोडा वाढवून आहेर करायचा. यासाठी कोणी करार केलेला नाही, व्याजाचा दर ठरलेला नाही, मुदत ठरलेली नाही. तरी पंधरा वर्षांनी परतफेड होते, आणि न झाली तर ते दोन पिढ्या लक्षात राहतं. इतकी कडक वसुली भल्याभल्या पतसंस्थांना जमत नाही.

मग फरक कशात आहे? तो रोजच्या चालत्या कामात फारसा दिसतच नाही, असं या लेखांचं म्हणणं आहे. तो दिसतो दोन प्रसंगी: भांडण झालं म्हणजे, आणि नवखा माणूस आत येऊ पाहतो तेव्हा. भांडणात दाद कोणाकडे मागायची आणि नवख्याला आत कोण घेणार, या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडी आणि लेखी कारभारात अगदी वेगळी येतात.

२

पैशापासून सुरुवात करू. भिशी महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही, पण तिची रचना किती काटेकोर असते हे सहसा कोणी पाहत नाही. समजा बारा जणी दर महिन्याला हजार रुपये काढतात. पहिल्याच महिन्यात जिला भिशी लागली तिच्या हाती स्वतःचे हजार धरून बारा हजार आले, म्हणजे अकरा हजारांचं बिनव्याजी कर्ज, अकरा हप्त्यांत फेडायचं. जिचा नंबर शेवटी लागला तिने अकरा महिने बिनव्याजी ठेव ठेवली. बँकेच्या हिशोबाने शेवटचीचा सरळ तोटा. पण तिला व्याजापेक्षा एक वेगळी गोष्ट हवी असते: घरातल्या कोणाचाही हात पोचणार नाही अशा जागी ठेवलेले पैसे. शिवाय फेरी संपली की नवी सुरू होते, आणि चिठ्ठीचं दान फिरत राहतं.

त्या चिठ्ठीकडे जरा जवळून पाहा. बारा कागद एकाच मापाचे कापलेले असतात, घड्याही सारख्याच. स्टीलचा डबा आधी सगळ्यांसमोर उलटा करून दाखवतात. चिठ्ठी उचलायला घरातलं एखादं चार-पाच वर्षांचं पोर बोलावतात, कारण त्याला वाचता येत नाही आणि त्याचा कोणात जीव गुंतलेला नाही. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही, ती फाडतात. चहा-पोह्यांच्या गडबडीत पार पडणाऱ्या या पाच मिनिटांत लेखापरीक्षकाला हवं ते सगळं आहे: नमुना सारखा, साक्षीदार हजर, उचलणारा निःपक्षपाती, आणि वापरलेलं साधन नष्ट. शिवाय यात लवचीकपणाही आहे. जूनमध्ये एकीच्या मुलाची फी भरायची असते, दुसरीला गौरी-गणपतीला पैसे हवे असतात. दोघी आपसात नंबर बदलून घेतात आणि बाकीच्या मान डोलावतात. बँकेत यासाठी अर्ज करावा लागला असता.

नवखीला इथे प्रवेश मिळतो तो कोणाच्या तरी शब्दावर. ‘हिची जबाबदारी माझी’ असं जुनीने म्हणायचं. नवखीने हप्ता चुकवला तर जुनीने भरायचा. कित्येक ठिकाणी पहिल्या फेरीत नवीला मागचाच नंबर देतात, म्हणजे आधी भरून दाखव, मग उचल. मोठ्या रकमांच्या भिशीत, विशेषतः बोली लावून उचलायच्या भिशीत, चालकाचा बाजारातला लौकिक हेच तारण असतं. आणि इथेच या व्यवस्थेचं दुखणं आहे. चालक रात्रीतून गाशा गुंडाळून गेला की दाद मागायला जागाच उरत नाही. चिट फंडांसाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात नोंदणीची अट आहे. घरगुती भिशी त्या वाटेला कधी गेलेली नसते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, पावती आहे का? बाया वहीचं पान दाखवतात, त्यावर नुसती नावं आणि बरोबरच्या खुणा.

१९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो या दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभा राहिला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाची नोंद ही त्याची पंचसूत्री गावोगावच्या बायकांना आज तोंडपाठ आहे. यात पहिली चार सूत्रं भिशीच्या चालीतलीच. नवं काय ते पाचवं. गंमत म्हणजे बचत गट स्वतः बहुधा कुठेच नोंदलेला नसतो. वीसपेक्षा जास्त सभासद घेऊ नयेत हा दंडकही जुन्या कंपनी कायद्यातून आला, कारण त्यापुढे संख्या गेली की नोंदणीची भानगड सुरू होत असे. अशा बिननोंदणीच्या गटाच्या नावाने खातं उघडायला आणि त्याला कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मोकळीक दिली. इथे नवखा माणूस म्हणजे बँकच होती, आणि तिला आत घेणारा कागद म्हणजे गटाची इतिवृत्ताची वही.

अर्थात वही आली की वहीची माणसंही येतात. गटात जिला लिहिता येतं तिचं वजन वाढतं. ‘ठराव लिहून ठेवा, सह्या नंतर घेऊ’ हे वाक्य मंत्रालयात जेवढं ऐकू येतं तेवढंच वाडीवस्तीवरच्या गटातही येतं. भिशीचे पैसे कशालाही वापरता येत. गटाच्या कर्जाला कारण सांगावं लागतं, आणि मग कारणं लिहिण्याची एक खास भाषा तयार होते. साडी घ्यायची असली तरी वहीत शेळी येते.

३

पैशाच्या दुप्पट गुंतागुंत कामात आहे. केनियाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७२ च्या अहवालाने अनौपचारिक क्षेत्र ही संज्ञा जगभर नेली. त्याच्या आदल्याच वर्षी कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने घानाच्या अक्रा शहरातल्या गरीब कष्टकऱ्यांच्या अभ्यासातून ती मांडली होती. सरकारी भाषेत जे बेरोजगार दिसत होते ते प्रत्यक्षात दिवसभर राबत होते, फक्त कुठल्या हजेरीपटावर नव्हते. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून दाखवलं की देशातल्या सुमारे ९२ टक्के कामगारांना नोकरीची वा सामाजिक सुरक्षेची लेखी हमी नाही. जी गोष्ट शंभरातल्या ब्याण्णवांची, तिला अपवाद म्हणायचं आणि आठांच्या गोष्टीला नियम, ही आपल्या अर्थशास्त्राची जुनी खोड आहे.

या पुस्तकातला सर्वांत मोठा लेख माथाडी कामगारांवर आहे, त्याला कारण आहे. मुंबईच्या दाणाबंदरात, मशीद बंदरात, कापड आणि लोखंडाच्या बाजारात ओझी वाहणारे बहुतेक लोक सातारा, सांगली, पुणे या बाजूचे. गाववाल्यांच्या खोलीत पथारी, गाववाल्याच्याच ओळखीने टोळीत प्रवेश. टोळीचा एक मुकादम. व्यापारी मजुरी मुकादमाच्या हातात द्यायचा, मुकादम वाटायचा. पाठीवर गोणी, हातात हुक, आणि गोणीमागे दर. थप्पी कोसळून एखाद्याचा पाय मोडला तर टोळी वर्गणी काढून त्याला गावी धाडायची. व्यापाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो म्हणणार, माझा हा नोकरच नव्हे. आणि कायद्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. सकाळी एका पेढीची गाडी रिकामी करायची, दुपारी दुसऱ्या पेढीची भरायची. मालक नेमका कोण? जिथे मालकच सापडत नाही तिथे भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा आणि नुकसानभरपाई कोणाकडे मागायची?

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला, त्याने ही गाठ फार हुशारीने सोडवली. प्रत्येक हमालाला कोणा एकाचा नोकर ठरवून नेमणूकपत्र द्यायचा हट्ट त्याने धरला नाही. मालक, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळं त्याने उभी केली. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, टोळीनेही करायची. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरणार आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ कामगाराला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी पाहणार. मालक सापडत नव्हता, तर कायद्याने मंडळ मध्ये घालून मालकाची कामं वाटून दिली. आणि टोळी? टोळी जशीच्या तशी राहिली. गोणी कोणी उचलायची, आज कोणाच्या पाठीला आराम द्यायचा, म्हाताऱ्या गड्याला हलकं काम कसं द्यायचं, हे टोळीतच ठरत राहिलं. दाणाबंदरातला बाजार पुढे तुर्भ्याला गेला, तिथेही हीच घडी गेली.

भांडणाच्या कसोटीवर हा कायदा पुरेपूर उतरला. अपघात झाला, मजुरी थकली, तर जायला एक पत्ता आहे. नवख्याच्या कसोटीवर मात्र तो तितका उतरला नाही. टोळीचं दार पूर्वीही गाव आणि नात्यावर उघडत होतं. नोंदणीनंतर त्या जागेला किंमत आली तसं ते आणखी घट्ट झालं. कायद्याचं नाव पुढे करून ओझं न उचलताच पैसे मागणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी उद्योजक वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि खऱ्या माथाड्यांच्या संघटनाही त्यांच्यावर चिडून आहेत. लेखात दोन्ही बाजू आहेत. तरीही मला हा कायदा महाराष्ट्राने केलेल्या सर्वांत कल्पक गोष्टींपैकी एक वाटतो, कारण त्याने लोकांची चालती रचना मोडली नाही. तिच्या पाठीमागे कागद उभा केला.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने हाच धागा ओढला. कचरा वेचणाऱ्या बायांना नव्वदच्या दशकात पुणे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. त्या एवढ्याशा पुठ्ठ्याने पगार दिला नाही, रजा दिली नाही. त्याने एकच केलं: पहाटे पाठीवर पोतं घेऊन जाणारी बाई ही चोर नाही, हे सांगायला तिच्या हातात काहीतरी आलं.

४

इथवर वाचून कोणाला वाटेल की तोंडी व्यवस्था मुळात प्रेमळ असते, तिला थोडा कागदाचा आधार दिला की झालं. तसं नाही. शब्दावर चालणाऱ्या व्यवस्थेत ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचंच चालतं, आणि हे वजन जन्माने वाटलेलं असेल तर ती व्यवस्था कुठल्याही लेखी जुलमाइतकी क्रूर होते. बलुतेदारीकडे गावगाड्याची सोय म्हणून पाहणारं लेखन मराठीत पुष्कळ आहे. सुगीला खळ्यावर बलुतं मिळे हे खरं. पण किती मिळायचं हे कामापेक्षा पाटलाच्या मर्जीवर ठरे, आणि महार वतनदाराच्या कामाला वेळकाळ नसे, मग ते गावाचं असो की सरकारचं.

इथे कागदानेही काही सुटका केली नाही. इंग्रजी अमलात १८७४ च्या वतन कायद्याने ही वहिवाट लिहून काढली, आणि जी सक्ती गावाची होती ती सरकारची झाली. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. कामाला ठरलेला मोबदला मिळावा आणि ज्याला वतन नको त्याला त्यातून मोकळं होता यावं, हा त्याचा गाभा. वतनं अखेर कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या अधिनियमाने. भांडण आणि नवखा या दोन प्रसंगांच्या जोडीला एक तिसरा प्रसंग बाबासाहेबांच्या त्या विधेयकाने दाखवून दिला: सोडून जाणारा. जिथून बाहेर पडता येत नाही ती रचना, लेखी असो की तोंडी, वेठच.

वहिवाट लिहून काढल्याने काय होतं याचा आणखी जुना दाखला गोव्यात आहे. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने गोव्यातल्या गावकऱ्यांच्या चालीरीती नोंदवून घेतल्या. तो दस्तऐवज फोराल म्हणून ओळखला जातो. गावची जमीन सामाईक, तिचा लिलाव गावकरांच्या बैठकीत, उत्पन्नातून सारा आणि देवळाचा खर्च भागवून उरेल ते वाटून घ्यायचं, हे सगळं तोवर तोंडी चालत आलेलं. लिहून घेण्यात राज्यकर्त्यांचा हेतू साऱ्याचा होता. पण लिहिताना जे गावकर होते ते कायमचे गावकर झाले. हक्क पुरुषांच्या वंशातून चालत राहिला, लेकींना त्यात जागा नव्हती, आणि मागाहून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक गावात असूनही गावकर झाले नाहीत. गावकरांच्या या सामाईक संस्था, म्हणजे कोमुनिदाद, आजही आहेत, १९६१ च्या संहितेवर चालतात, आणि त्यांच्या जमिनींचे वाद न्यायालयांत आहेत. वहिवाट वाहत्या पाण्यासारखी वाट बदलते. लिहिली की ती त्या दिवशीच्या जागी थिजते. ज्याच्या दारी ती थिजली त्याचं भलं, इतरांचं नाही.

५

कधी उलटही होतं, रस्ता पुढे जातो आणि कायदा मागून धापा टाकत येतो. मुंबईची पागडी हे त्याचं ठळक उदाहरण. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाड्याखेरीज वर रक्कम घेणं हा गुन्हा ठरवला. त्यानंतरची पन्नास वर्षं गिरगावापासून परळपर्यंत खोल्यांचे व्यवहार झाले ते याच गुन्ह्यावर. खोली सोडणारा नव्या भाडेकरूकडून पागडी घेणार, त्यातला सहसा तिसरा हिस्सा मालकाला जाणार, मग मालक नव्या नावाने भाडेपावती फाडणार. दर ठाऊक, हिस्सा ठाऊक, दलाल ठाऊक. फक्त कायद्याला ठाऊक नाही. अखेर ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने अशी रक्कम घेणं कायदेशीर केलं. अर्धशतक ज्याने शहर चाललं ते एका कलमाने उजेडात आलं. त्या अर्धशतकात ज्यांचे पैसे बुडाले त्यांना मात्र तोंड उघडता आलं नव्हतं, कारण तक्रार करायची म्हणजे आधी त्या बेकायदा व्यवहारात आपलाही हात होता हे कबूल करायचं.

पाण्याची कहाणी त्याहून गुंतागुंतीची. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि खालच्या जमिनीचे फड. एका फडात त्या हंगामाला एकच पीक, जमीन कोणाचीही असो. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचं मानधन सगळ्यांनी मिळून द्यायचं. आपल्या मालकीच्या शेतात काय पेरायचं हे मालकाने एकट्याने ठरवायचं नाही, इतकी कठोर अट आजच्या कुठल्याही कायद्याला झेपणार नाही. ती तिथे पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. वर धरणं झाली, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याला स्वतःचं पाणी मिळालं त्याला फडाची गरज उरली नाही. पुढे २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा आला, पाणी वापर संस्था नोंदल्या गेल्या, पाणी मोजून द्यायचं ठरलं. काही ठिकाणी, जसं नाशिकजवळच्या वाघाड प्रकल्पावर, त्या उत्तम चालल्या, कारण तिथे संस्था नोंदण्याआधी माणसं एकत्र बसू लागली होती. कित्येक ठिकाणी संस्था आहे, शिक्का आहे, अध्यक्ष आहे, पण शेवटच्या चारीला पाणी नाही.

६

आता दुसऱ्या बाजूने पाहू. ज्या संस्थांना आपण पूर्ण लेखी समजतो त्या तरी कशावर चालतात? कामगारांच्या हातात संपाखेरीज एक अहिंसक शस्त्र असतं: नियमानुसार काम. काही मोडायचं नाही, काही बंद पाडायचं नाही. फक्त पुस्तकात लिहिलेला प्रत्येक नियम तंतोतंत पाळायचा. दिवसभरात कारभार ठप्प होतो. याचा अर्थ एरवी तो कारभार पुस्तकाबाहेरच्या समजुतीवर चालत असतो. कोणता नियम कुठे सैल सोडायचा हे जुन्या कारकुनाला ठाऊक असतं, आणि तो निवृत्त झाला की खात्याची स्मृतीच जाते.

याच सैलपणात दोन पिकं उगवतात. एक सद्भावाचं: ‘आजी, तुम्ही बसा, मी लिहून देतो तुमचा अर्ज.’ दुसरं वशिल्याचं आणि चिरीमिरीचं. परिवहन कार्यालयाबाहेर टपरीवर बसलेला एजंट कागदोपत्री कुठेच नाही, पण आत कोणत्या खिडकीवर कोणता कागद कमी पडतो हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. माहितीचा अधिकार आणि २०१५ चा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा यांनी ही खिडकी नागरिकाच्या बाजूने थोडी उघडली. दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर अपील करता येतं. म्हणजे पुन्हा तेच: दाद मागायची जागा.

आणि कागद नसण्याची किंमत करोनाकाळातल्या टाळेबंदीने सगळ्यांना दाखवली. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकाम कामगार, घरेलू कामगार, रिक्षाचालक, फेरीवाले यांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले. पण बांधकाम आणि घरेलू कामगारांच्या आधी नोंदणीकृत हा शब्द होता, रिक्षाचालकांच्या आधी परवानाधारक. वीस वर्षं चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या चारही घरांत ‘आमच्याच घरची’ होती. घरेलू कामगारांच्या मंडळाच्या यादीत नव्हती. मालकिणीने घरी बसून पगार दिला तर तिचं नशीब, नाही दिला तर तेही नशीब. चांगुलपणावर भागतं तिथे हक्क मागता येत नाही, हे त्या वर्षाने शिकवलं.

७

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे: पैसा, काम, घर, पाणी, आणि शेवटी कार्यालय. मुंबईच्या डबेवाल्यांवर स्वतंत्र लेख नाही, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे आणि बहुतेक वेळा त्यांच्या कौतुकाखाली त्यांच्या मिळकतीचा प्रश्न झाकला गेला आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या पावतीपुस्तकावर एक छोटा लेख आहे, तो आधी वाचला तरी चालेल. धर्मादाय आयुक्तांची परवानगी आणि गल्लीतली वर्गणी यांच्यातलं नातं समजलं की बाकीचं पुस्तक सोपं जातं. अनेक गटांतल्या ताईंनी वह्या मोकळेपणाने पाहू दिल्या, काही मुकादमांनी कामाच्या घाईत वेळ काढून टोळीचा हिशोब समजावला. त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत.

एक इशारा मात्र प्रस्तावनेतच द्यायला हवा. सध्या सगळीकडे नोंदणीचा धडाका आहे, आणि असंघटितांचं औपचारिकीकरण हा परवलीचा शब्द झाला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर तीस कोटींहून अधिक कामगारांची नावं नोंदली गेली. ही मोठी गोष्ट आहे, पण तिची तुलना १९६९ च्या माथाडी मंडळाशी करून पाहा. मंडळाकडे नाव नोंदलं की त्याच नोंदीने व्यापाऱ्यावर लेव्ही बसते, मजुरी मंडळातून येते, आणि अडचणीत मंडळाच्या कचेरीत जाऊन टेबल आपटता येतं. पोर्टलवर नाव नोंदलं की बारा आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. मजुरी बुडाली तर तो क्रमांक कोणाला दाखवायचा?

म्हणून या लेखांतून निघणारी मागणी ‘सगळं कागदावर आणा’ अशी नाही, आणि ‘लोकांचं लोकांवर सोडा’ अशी तर मुळीच नाही. लोकांनी आपल्या गरजेतून घडवलेली रचना आधी नीट समजून घ्या, तिच्यात कोणाचा शब्द चालत नाही ते शोधा, आणि कागद आणायचा तो नेमका त्या माणसाच्या बाजूने आणा. भिशीतल्या नवखीला, टोळीत जागा न मिळालेल्या पोराला, गावात राहूनही गावकर न ठरलेल्याला, चार घरची असून कुठल्याच यादीत नसलेल्या बाईला त्याने काय मिळालं, यावरच तो कागद बरा की वाईट हे ठरेल.